मगदूम अण्णांच्या गाडीचं पोट

सकाळी साडेसहाला बेल वाजली की आमच्या सोसायटीत दारात दूधवाला, पेपरवाला किंवा मगदूम अण्णा यांच्यापैकी कुणीतरी असतं. पहिले दोघे वस्तू ठेवून निघून जातात. अण्णा मात्र हातात गाडीची किल्ली घेऊन उभे असतात आणि एकच प्रश्न विचारतात, "आज विमान हाय काय?"

विमान म्हणजे तुमचं विमान. तुम्हाला आज कुठं उडून जायचं असेल, तर अण्णा तुम्हाला विमानतळावर सोडणार. फुकट. डिझेल त्यांचं, वेळ त्यांचा, बॅगा उचलणारे हातही त्यांचेच. तुम्ही "नाही" म्हणालात तर त्यांचा चेहरा एवढा पडतो की आपण उगीच घरी राहिलो असं वाटायला लागतं. मग "सरी, ठीक हाय, संध्याकाळी काय निघालं तर सांग" असं म्हणून ते पुढच्या दाराची बेल वाजवतात.

मी पुण्याहून इथे बेंगळूरच्या हेब्बाळला राहायला आले तेव्हा दोन सुटकेसा आणि भरपूर संशय घेऊन आले होते. फुकट काहीतरी देणारा माणूस म्हटल्यावर मी आधी दाराची साखळी लावली आणि मग फटीतून विचारलं, "पण का?"

"गाडीचं पोट साफ करायचंय," अण्णा शांतपणे म्हणाले.

मी दार बंद केलं. नंतर कळलं की सोसायटीतल्या बहुतेक सगळ्यांनी पहिल्यांदा तेच केलं होतं.

अण्णा निपाणीकडचे. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं पस्तीस वर्षं छोटं टूलरूम होतं, म्हणजे मोठ्या कारखान्यांना लागणारे साचे आणि हत्यारं तयार करायचं वर्कशॉप. माणूस इतका काटेकोर की "जवळजवळ" हा शब्द त्यांच्या कानाला सहन होत नाही. एकदा मी "साधारण दहा मिनिटांत खाली येते" म्हणाले, तर म्हणाले, "अंदाजे बोलू नको. मायक्रॉनमध्ये बोल." मी नऊ मिनिटांत खाली आले. ते घड्याळाकडे बघत होते.

वर्कशॉप विकलं त्या महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली. सात माणसं बसतील अशी, पांढरी, उंच, दोन टनांची डिझेल गाडी. घरात माणसं दोन, ते आणि अक्का. अक्कांना गाडी लागते. डिझेलचा नुसता वास आला तरी त्यांना लिंबू हुंगावं लागतं, त्यामुळे त्या मंडईत चालत जातात आणि मागून अण्णा रिकाम्या सहा सिटा घेऊन पिशव्या आणायला जातात. "ह्यांना गाडी न्हवती घ्यायची, म्हैस पाळायची होती," असं अक्कांचं मत. "सकाळी उठून अंग धुतात, पाठीवर थाप मारतात, आणि ती नुसती रवंथ केल्यागत घुर्रर करत उभी असते."

आता पोटाचं. हे मला अण्णांनी त्यांच्या स्वयंपाकघरात, चहाची गाळणी हातात घेऊन समजावलं. हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक गाळणी बसवलेली असते. धूर गाळला जातो, काजळी आत साठते. गाडी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगानं सलग वीस मिनिटं पळाली, की नळी तापते आणि काजळी आतल्या आत जळून जाते. नाही पळाली तर गाळणी तुंबते आणि समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागतो.

"म्हंजे बद्धकोष्ठ," अण्णा म्हणाले आणि चहाचा चोथा गाळणीत बोटानं दाबून दाखवला. मी तो चहा प्यायला जरा वेळ लावला.

अडचण फक्त एवढीच की हे सगळं बेंगळूरमध्ये घडत होतं. इथे साठच्या वेगानं सलग वीस मिनिटं म्हणजे काय मागणं झालं, हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मी बेळ्ळंदूरला ऑफिसला जाते तेव्हा वीस मिनिटांत एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलचा रंग ओळखण्याइतकी जवळ पोचते. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात अण्णांचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, हायवेला नेत जा. आणि मग अण्णांच्या लक्षात आलं की आपल्या घरापासून चार पावलांवर अख्ख्या शहरातला एकमेव असा रस्ता आहे जिथे गाडी पळते, तो म्हणजे विमानतळाचा. आता त्या रस्त्यानं एकट्यानंच कशाला जायचं?

अशी ही फुकट सेवा सुरू झाली. वर्षभरात अण्णांनी बिल्डिंगमधल्या माणसांची नावं लक्षात ठेवणंच सोडून दिलं. ते आता सगळ्यांना गावावरून ओळखतात. चौथ्या मजल्यावरच्या नायर बाई म्हणजे कोची. दुसऱ्या मजल्यावरचा मिश्रा म्हणजे लखनौ. मी पुणे. लिफ्टमध्ये भेटलो की, "काय पुणे, आईची तब्येत कशी हाय?" असं चालतं. एकदा त्यांनी वॉचमनला सांगितलं, "कोचीचं कुरिअर आलं तर लखनौकडं ठेव," आणि तो बिचारा दिवसभर डोकं धरून बसला होता.

त्यांच्या गाडीत बसायचे नियम आहेत. हेब्बाळचा पूल चढून वरच्या रस्त्याला लागलो की अण्णा डॅशबोर्डवर चिकटवलेलं स्टॉपवॉच दाबतात. तिथून वीस मिनिटं त्यांच्याशी बोलायचं नाही. काटा साठवर. इंजिनाचे फेरे दोन हजारांवर. डावीकडून टेम्पो जातात, उजवीकडून टॅक्सीवाले हॉर्न मारत जातात, कुणीकुणी काच खाली करून कन्नडमध्ये काहीतरी सांगून जातात, अण्णा साठवर. मध्येच एखादी बस आडवी आली आणि वेग पंचावन्नवर उतरला, की ते "च्च" करून स्टॉपवॉच परत शून्यावर आणतात. मोजणी पहिल्यापासून. वीस मिनिटं पुरी झाली की त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरतं आणि ते हळूच म्हणतात, "झालं बघ. मोकळी झाली." आपल्यालाही उगीच हलकं वाटतं.

याचा फटका लखनौला बसला. त्याला मुलाखतीसाठी जायचं होतं, वेळ नेमका होता, आणि येलहंकाजवळ दोनदा बस आडवी आल्यामुळे विमानतळाचं वळण आलं तेव्हा स्टॉपवॉचवर सतरा मिनिटं झाली होती. अण्णा वळलेच नाहीत. सरळ पुढच्या गावाकडे, देवनहळ्ळीकडे निघाले.

"अण्णा, एअरपोर्ट लेफ्ट में था," मिश्रा म्हणाला.

"तीन मिनट. आधा साफ हुआ पेट बहुत खराब," अण्णा म्हणाले.

देवनहळ्ळीला वळसा घालून ते परत आले तेव्हा मिश्रा बॅग छातीशी धरून पळत सुटला. विमान मिळालं. नोकरीही मिळाली. अण्णा ती अजून आपल्या खात्यावर धरतात.

एकदा अण्णांनी गाडीत घालायचं निळ्या झाकणाचं द्रावण आणलं होतं. धूर स्वच्छ करणारं, त्यात युरिया असतो. डबा खाली पार्किंगमध्ये ठेवलेला, आणि त्यावरचा "युरिया" हा शब्द कोचीनं वाचला. तिच्या गच्चीत गुलाब आहेत. तिनं अर्धा मग मागितला. अण्णांनी तिला पाऊण तास शिकवलं की हा शेतातला युरिया नव्हे, याची शुद्धता किती, यात धुळीचा एक कण पडला तर काय होतं, आणि शेवटी एवढं सगळं ऐकून घेतल्याबद्दल खूश होऊन तिला अर्धा मग दिला. गुलाबांचं पुढे काय झालं ते कोची सांगत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये तर अण्णा येताना दिसले की तिथला मॅनेजर जेवायला जातो, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. अण्णा खिशात जाडी मोजायचा व्हर्निअर घेऊन जातात. ब्रेकचे पॅड झिजलेत, बदला, असं कुणी म्हटलं की ते गाडीखाली वाकून स्वतः मोजतात आणि उठून सांगतात, "सहा पॉइंट चार. अजून आठ हजार किलोमीटर." मागच्या वेळी त्या मॅनेजरनं नाइलाजानं विचारलं, "सर, तुम्हीच लिहून द्या काय काय करायचं ते." अण्णांनी दोन पानं लिहून दिली. वर आकृती काढली.

मिश्रानं नोकरी लागल्यावर विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. ती अण्णांना दाखवायला तो मोठ्या हौसेनं आला. अण्णा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हिला तहान न्हाई, आवाज न्हाई, पोट न्हाई. आपण हिच्याशी काय बोलायचं?"

हे सगळं असंच चाललं असतं, पण दिवाळीच्या आधी अण्णांच्या मुलाचा फोन आला.

मुलगा अभिजित. नेदरलँड्समध्ये असतो, चांगली नोकरी, वर्षातून एकदा दहा दिवस येतो. अतिशय समजूतदार मुलगा, आणि सगळी भानगड त्या समजूतदारपणातच होती. रविवारच्या फोनवर त्यानं नीट, मुद्देसूद सांगितलं की अण्णा, तुम्ही आता बाहत्तरचे. या शहरात एवढी मोठी गाडी, ती पण डिझेलची, दोन माणसांना. विकू या. मी दिवाळीनंतर येतोय, तेव्हा गिऱ्हाईक बघून व्यवहार उरकून टाकतो. हवं तेव्हा टॅक्सी मागवा, पैशाची काळजी करू नका.

अण्णा माझ्याकडे आले ते बेल न वाजवताच, दार उघडं होतं म्हणून. सोफ्यावर बसले. विमानाचं विचारलं नाही.

"अभी गाडी विका म्हणतोय," ते म्हणाले.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? तो बसलाच न्हाई की गं अजून तिच्यात. दोनदा आला गाडी घेतल्यापासनं. दोन्ही बाऱ्या टॅक्सीनं आला, टॅक्सीनं गेला. म्हणतो, अण्णा, तुम्हाला त्रास नको." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा बसला तर कळंल त्याला. एकदाच बसू दे. साठला कशी जाते बघू दे. मग सांग म्हणावं विकायला."

हा त्यांचा बेत होता. अभीला न सांगता विमानतळावर जायचं आणि तो बाहेर आला की समोर उभं राहायचं. सांगितलं तर तो नको म्हणणार, म्हणून सांगायचंच नाही. पुढचे आठ दिवस अण्णांनी गाडीचं जे काही केलं ते मी लग्नाच्या मुलीचंही होताना पाहिलेलं नाही. चाकांच्या खाचांतले खडे स्क्रू-ड्रायव्हरनं काढले. सिटांखालून मिश्राचं एक जुनं बोर्डिंग कार्ड निघालं ते त्याला परत दिलं. पीण्यातल्या मित्राकडे जाऊन त्यांनी ॲल्युमिनियमची एक पाटी कोरून आणली, विमानतळावर हातात धरायला. लोक कागदावर स्केचपेननं नाव लिहितात. अण्णांच्या पाटीवर "अभिजित मगदूम" ही अक्षरं मशीनवर कोरलेली होती आणि चारही कोपऱ्यांची धार घासून मारलेली होती, कुणाला लागू नये म्हणून.

"त्याला तुमचा चेहरा ओळखू येईल ना अण्णा, पाटी कशाला?" मी विचारलं.

"बाकी सगळ्यांना पाटी असते," ते म्हणाले.

त्या दिवशी माझं काम घरूनच होतं. सोबत म्हणून मीही गेले, लॅपटॉप मांडीवर घेऊन. विमान सकाळी अकराचं. आम्ही सव्वादहाला निघालो. हेब्बाळचा पूल चढलो, स्टॉपवॉच दाबलं, काटा साठवर. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना तेल. येलहंकाजवळ एक बस आडवी आली. स्टॉपवॉच शून्यावर. पुढे एक ट्रॅक्टर. परत शून्यावर.

विमानतळाचं वळण आलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

"अण्णा, आज राहू दे. आज वळा," मी म्हटलं. नियम मोडून बोलले.

त्यांनी वळणाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "वेळ हाय की अजून. आन् तो बसल्यावर मधेच दिवा लागला तर काय म्हणंल? बघा, म्हणंल, मी म्हणत न्हवतो?" आणि आम्ही सरळ गेलो. देवनहळ्ळीच्याही पुढे जाऊन, पूर्ण वीस मिनिटं करून, अगदी मोकळ्या पोटानं परत आलो. वळण घेताना अण्णा म्हणाले, "आता बघ. आता लोण्यागत चालंल."

आम्ही पार्किंगमध्ये गाडी लावून आत पोचलो आणि पाटी धरून उभे राहिलो. पाऊण तास माणसं येत होती, जात होती. पाच-सहा जणांनी त्या पाटीचे फोटो काढले. अण्णांनी हात खाली केला नाही. शेवटी मी फोनवर विमानाची वेळ बघितली. विमान चाळीस मिनिटं लवकर उतरलं होतं.

तेवढ्यात अक्कांचा फोन आला. माझ्याच फोनवर, कारण अण्णांचा गाडीत राहिला होता.

"कुठं हायसा तुम्ही? अभी आलाय. आंघोळीला गेलाय," अक्का म्हणाल्या. "अण्णा कुठं म्हणून विचारतोय. काय सांगू?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. पाटी अजून वरच होती. मग त्यांनी ती खाली घेतली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि बगलेत धरली.

"भाजी आणायला गेलेत म्हणून सांग," ते म्हणाले.

परत येताना त्यांनी स्टॉपवॉच दाबलं नाही. बऱ्याच वेळानं, मला वाईट वाटू नये म्हणूनच बहुतेक, म्हणाले, "चला. पोट तरी साफ झालं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि अडतीस रुपये किलोनं टोमॅटो घ्यायला त्यांनी गाडी थांबवली तेव्हा ते आलंसुद्धा.

पुढचे आठ दिवस घरात आनंदीआनंद होता. अक्कांनी सगळं करून घातलं. सहाव्या दिवशी अभिजितनं ऑनलाइन शोधलेलं गिऱ्हाईक आलं, येलहंकाचे एक गृहस्थ, गाडी बघायला. अण्णांनी त्यांना काहीही लपवलं नाही. गाळणी, काजळी, युरिया, साठचा वेग, वीस मिनिटं, अर्धवट साफ झालेलं पोट आणि त्याचे दुष्परिणाम, सगळं दोन तास समजावलं. मध्ये चहाची गाळणी मागवली. ते गृहस्थ जाताना मला लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले की त्यांनी सायकल घ्यायचं ठरवलं आहे.

त्या संध्याकाळी अभिजित माझ्याकडे आला. "ताई, अण्णा तुमचं ऐकतात. तुम्ही समजावा ना. त्यांना ती गाडी झेपत नाही, फक्त मान्य करत नाहीत. मी मुद्दाम दर वेळी कॅब करतो. एकदा मी कॉलेजमध्ये असताना ते मला स्टेशनवर घ्यायला आले होते, आदल्या रात्रभर जागेच होते. ट्रेन चुकू नये म्हणून. मी तेव्हाच ठरवलं, यांना माझ्यासाठी धावपळ करायला लावायची नाही."

मी पुण्याची. मला गोड बोलून समजावता येत नाही.

"अभिजित," मी म्हटलं, "तुझ्या वडिलांनी या बिल्डिंगमधल्या एकूण एक माणसाला विमानतळावर सोडलंय. मला तर कितीदा, मोजलंही नाही. फक्त तुला सोडलेलं नाही. तू आलास त्या दिवशी ते भाजी आणायला गेले नव्हते."

मग मी त्याला सगळं सांगितलं. देवनहळ्ळीचं आणि पाटीचंही. कपातला चहा गार झाला. मग त्यानं विचारलं, "पाटी कुठे आहे?"

"गाडीत. पुढच्या खणात."

तो उठून गेला. त्यानं खाली जाऊन ती बघितली की नाही, मला माहीत नाही.

परत जायच्या दिवशी दुपारचं विमान होतं. मी ऑफिसला निघत होते, एवढ्यात खालून अक्कांची हाक आली, "अगं पुणे, ये की. मी बसालोय गाडीत, माझ्याजवळ कुणीतरी पाहिजे." खाली बघते तर अक्का मागच्या सिटेवर, हातात लिंबू, डोळे गच्च मिटलेले. अभिजित दोन बॅगा घेऊन गाडीजवळ उभा. फोन खिशात.

"अण्णा," तो म्हणाला, "हिचं पोट कसं आहे? दिवा लागलाय का?"

अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. "लागलाय की," ते म्हणाले. "कालपासनं लागलाय."

अभिजित पुढच्या सिटेवर बसला. मी अक्कांजवळ बसून मागून वाकून बघितलं. काचेखाली एकही दिवा नव्हता. अभिजितलाही दिसत असणार, तो इंजिनिअर आहे आणि त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यानं पट्टा लावला आणि म्हणाला, "मग चला. साफ करू या."

हेब्बाळचा पूल चढलो. मोकळा रस्ता लागला. मी सवयीनं तोंड मिटून बसले. पण अण्णांनी स्टॉपवॉच दाबलंच नाही, आणि काटा चाळिसावर गेला तो तिथेच राहिला. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेला. रिक्षा पुढे गेली. एक माणूस स्कूटरवर सिलिंडर बांधून चालला होता, तोही पुढे गेला आणि वळून बघून गेला.

"अण्णा, साठ ना?" अभिजितनं विचारलं.

"नको. सावकाश जाऊया. तिला आज घाई न्हाई," अण्णा म्हणाले. आणि मग बोलायला लागले. गाळणी, काजळी, टायरमधली हवा, ब्रेकचे पॅड, तो मॅनेजर, कोचीचे गुलाब, मिश्राची मुलाखत. अभिजित ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "ब्रेक पॅड किती राहिलेत?" आणि अण्णा म्हणाले, "असतील सहाच्या आसपास." सहाच्या आसपास. मी या माणसाच्या तोंडून "आसपास" हा शब्द पहिल्यांदा ऐकला. अक्कांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

विमानतळावर थांबायला फार वेळ देत नाहीत, शिट्टी वाजवतात. अण्णांनी दोन्ही बॅगा स्वतः उतरवल्या. अभिजित वाकून दोघांच्या पाया पडला आणि आत गेला. अण्णा शिट्टी वाजत असताना तिथेच उभे राहिले. गार्ड जवळ आला, त्यांचा चेहरा बघून म्हणाला, "सरी अण्णा, ओंदु निमिषा, एकच मिनिट," आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

परतीच्या वाटेवर अण्णांच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी फोन मागे माझ्याकडे दिला. "चष्मा न्हाई. वाच बघू."

मी वाचलं. "अण्णा, गाडी छान आहे. मेमध्ये येतो. बाहेर थांबेन, घ्यायला या."

"परत वाच," अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

"विकायचं काय?"

"त्याबद्दल काही लिहिलं नाही."

अण्णांनी इंडिकेटर लावला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालूच होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत बसले, आणि मागून आम्हाला त्यांचे खांदे दिसत होते.

"मे महिन्याला किती दिवस राहिले गं?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी लिंबू पदराच्या टोकात बांधून टाकलं. "सहा महिने हायत," त्या म्हणाल्या. "आधी घरी चला. भात लावायचाय."